तीन नंबरची सीट

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि स्कूलबसमध्ये हिंदी. लोकांचे दोन दगडांवर पाय असतात, माझे तीन दगडांवर होते. मराठीत सलग दोन पानं शेवटची लिहिली ती दहावीच्या पेपरात, 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून "तू बोट क्लबवर असतेस ना? मग रोईंगच्या आंतरराष्ट्रीय इतिहासावर लिही, तीन-चार पानं," असं फर्मावलं, तेव्हा मटकीची उसळ घशातच अडकली.

"इंग्लिश सेक्शनला देते ना."

"तिकडे फुल झालंय. आणि मराठीत रोईंगवर कोणी लिहीत नाही. लिही!"

झालं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्यांच्यावर टाकून मी लायब्ररीत आणि नेटवर बसले. हा लेख शुद्ध माहितीपर होणार होता. अर्धा तसा झालाही आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, ते पुढे कळेलच.

आधी ज्यांना बोट क्लब म्हणजे फक्त कटिंग चहा आणि नदीचा वास एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी प्राथमिक माहिती. प्रत्येकाकडे एकच वल्हं असेल तर त्याला स्वीप म्हणतात, दोन असतील तर स्कलिंग. बोटीत माणसं एक, दोन, चार किंवा आठ. पुढच्या टोकाला बसतो तो 'बो', म्हणजे एक नंबर. तिथून मागे दोन, तीन असं मोजत जायचं. सगळ्यांत मागे बसतो तो 'स्ट्रोक'. तो लय ठरवतो आणि बाकीच्यांनी ती पाळायची. काही बोटींत आणखी एक जण असतो, कॉक्स. त्याच्या हातात वल्हं नसतं. तो सुकाणू धरतो आणि ओरडतो.

गंमत अशी की वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. जायचंय ती जागा त्यांना दिसतच नाही, दिसतं ते मागे पडलेलं पाणी. पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला. आणि बोटीत कोणाला नाव नसतं. कॉक्स "थ्री, लेट!" असं ओरडतो तेव्हा थ्री म्हणजे तुम्ही. मी थ्री आहे. स्ट्रोकच्या बरोबर मागची सीट.

आता इतिहास. मोटारी आणि पुरेसे पूल नव्हते तेव्हा लंडनमध्ये थेम्स नदीतून माणसांची ने-आण करणारे नावाडी होते, म्हणजे त्या काळचे रिक्षावालेच म्हणा ना! त्यांच्यातल्या शिकाऊंसाठी थॉमस डॉगेट नावाच्या नटाने 1715 साली एक शर्यत सुरू केली. बक्षीस काय, तर लाल कोट आणि चांदीचा बिल्ला. ती शर्यत अजून चालू आहे. 1829 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत हेन्लीला झाली. 1839 मध्ये हेन्लीचा रेगाटा सुरू झाला. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल 1852 मध्ये एकमेकांना भिडले. कॉलेज-कॉलेजमधला तिथला हा पहिलाच सामना मानतात, कुठल्याही खेळातला. म्हणजे आपण गॅदरिंगच्या आठवड्यात जे घसा फोडून करतो, त्याचं मूळ एका होडीत आहे.

1869 साली हार्वर्डची पोरं अटलांटिक ओलांडून थेम्सवर ऑक्सफर्डशी लढायला आली. चार वल्ही, एक कॉक्स. ऑक्सफर्ड जिंकलं. पण दोन देशांच्या टीम्स भेटायच्या तर नियम कोणाचे, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी 25 जून 1892 रोजी इटलीतल्या तुरीन शहरात आंतरराष्ट्रीय रोईंग महासंघ स्थापन झाला. फ्रेंच आद्याक्षरांवरून नाव पडलं फिसा, आता त्याला वर्ल्ड रोईंग म्हणतात. 1893 मध्ये इटलीतल्याच ओर्टा सरोवरावर पहिली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली. आधुनिक ऑलिंपिक तोपर्यंत जन्मालाही आलं नव्हतं! 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रोईंग ठेवलं होतं, पण खराब हवामानामुळे शर्यती रद्द झाल्या.

मग आलं 1900 सालचं पॅरिस. सीन नदीवर शर्यती. हॉलंडचे फ्रान्स्वा ब्रांट आणि रूलोफ क्लाइन यांच्या जोडीबरोबर हर्मानस ब्रोकमान हा कॉक्स होता, चांगला मोठा माणूस. प्राथमिक फेरीत ते हरले. फ्रेंचांनी कॉक्स म्हणून लहान मुलं बसवली होती, म्हणजे बोटीत वजन कमी. डचांनीही मग ब्रोकमानला उतरवलं आणि अंतिम फेरीसाठी पॅरिसमधलाच एक चिमुरडा पोरगा बसवला. जिंकले, अगदी थोडक्यात. नंतर दोघांबरोबर त्याचा फोटो काढला गेला. दोन धिप्पाड माणसं आणि मध्ये तो. फोटो झाल्यावर पोरगा गर्दीत गेला. त्याचं नाव निकालात लिहिलंच गेलं नाही. वय किती, तेही धड माहीत नाही. पुढे त्याच्याविषयी बरेच तर्क झाले, पण निकालाच्या यादीत तो अनोळखीच राहिला. सुवर्णपदकाची शर्यत जिंकलेला पोरगा, बिननावाचा.

इथे मी पहिल्यांदा लॅपटॉप बंद केला. पण त्याबद्दल नंतर.

पुढची गोष्ट वाचून आपल्याला राग येईल. 'हौशी खेळाडू' कोणाला म्हणायचं याची हेन्लीची व्याख्या मोठी अजब होती. हातांनी कष्टाचं काम करून पोट भरणारा माणूस हौशी नाही! कामामुळे त्याचे दंड तयार असतात, म्हणून सभ्य लोकांना ते अन्यायाचं, असा काहीसा तर्क. 1920 मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा अर्ज हेन्लीने परत पाठवला. तो पूर्वी विटा रचायचा. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याची आणि दुहेरी अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. 1936 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक आठांनाही हेन्लीत उतरू दिलं नाही, कारण ते सगळे पोलीस होते. दुसऱ्या वर्षी तो नियम काढावा लागला. म्हणजे ज्या खेळाची सुरुवात नावाड्यांनी केली, त्यातून नावाड्यांनाच बाहेर ठेवायला लोकांनी शंभर वर्षं खर्च केली.

1936 म्हटलं की बर्लिन, हिटलर आणि जेसी ओवेन्स. पण शहराबाहेर ग्रुनाऊच्या पाण्यावर रोईंग चालू होतं आणि सातपैकी पहिल्या पाच शर्यती जर्मनीने जिंकल्या होत्या. सहावी ब्रिटनने घेतली. शेवटची आठांची. अमेरिकेकडून सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची पोरं होती. बरीचशी शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची, मंदीत होरपळलेल्या घरांतली. बर्लिनला जायला पैसे नाहीत म्हटल्यावर गावागावांतल्या लोकांनी वर्गणी काढली होती. त्यांचा स्ट्रोक डॉन ह्यूम आजारी होता, ताप होता. लेनही वाऱ्याच्या तोंडावरची मिळाली. सुरुवातीला ते मागे पडले. कॉक्स बॉब मॉक ओरडत राहिला, लाकडाच्या ठोकळ्यांनी बोटीच्या कडेवर ठोकत राहिला. अमेरिका 6 मिनिटं 25.4 सेकंद, इटली 26.0, जर्मनी 26.4. पहिल्या आणि तिसऱ्या बोटीत एका सेकंदाचं अंतर! 1920 ते 1956 या काळात आठांची सगळी सुवर्णपदकं अमेरिकेच्या कॉलेजांनी नेली, त्यातलं हे सगळ्यांत अवघड म्हणायला हरकत नाही.

ती परंपरा 1960 मध्ये रोमला मोडली, आणि मोडली कोणी? शाळेच्या मास्तरने! जर्मनीतल्या राट्झेबुर्ग या छोट्या गावात कार्ल आडाम गणित आणि फिजिक्स शिकवायचा. स्वतः कधी स्पर्धेत वल्हं मारलेला माणूस नव्हे. पण पाण्याकडे त्याने फिजिक्सच्या मास्तरच्या नजरेनं बघितलं. पळणाऱ्यांचं इंटर्व्हल ट्रेनिंग त्याने रोईंगमध्ये आणलं, वल्ह्याचं पातं रुंद केलं, बोटीतल्या मोजमापांशी खेळ केला. त्याच्या पोरांनी 1960 चं सुवर्ण नेलं. एम-थ्रीला केटी लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, गणिताचे मास्तर कुठवर पोचतात बघा.

आपण इंजिनिअर, त्यामुळे एक किस्सा खास आपल्यासाठी. बोटीतली सीट रुळांवर पुढे-मागे सरकते, ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली युक्ती. त्यामुळे पायांची ताकद वल्ह्याला मिळते. पण सत्तर-ऐंशी किलोचा माणूस सतत पुढे-मागे गेला की बोटीचा वेग कमी-जास्त होतो. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एकसारख्या वेगापेक्षा असा हेलकावणारा वेग महाग पडतो. (फ्लुईड मेकॅनिक्सच्या सरांनी हे वाक्य वाचलं असेल तर इंटर्नलचे दोन मार्क वाढवावेत ही नम्र विनंती.) मग माणूस स्थिर ठेवून हलका रिगरच सरकवला तर? 1981 मध्ये पश्चिम जर्मनीच्या पीटर-मिषाएल कोल्बेने तशा बोटीत एकट्याच्या शर्यतीचं जगज्जेतेपद मिळवलं. बघता बघता बाकीचेही तेच वापरायला लागले. आणि 1983 मध्ये फिसाने त्यावर बंदी घातली! तरीही लाकूड जाऊन कार्बन फायबर आलंच, कुऱ्हाडीसारखी पाती आलीच. 2017 मध्ये पोलंडमधल्या पोझनानला जर्मनीच्या आठांनी 2000 मीटर 5 मिनिटं 18.68 सेकंदांत मारले. ताशी साडेबावीस किलोमीटर! संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये आपल्या स्कूटीला हा वेग मिळत नाही.

आणि मुली? 1927 मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींची पहिली 'शर्यत' झाली तेव्हा दोन्ही बोटी एका वेळी पाण्यात उतरल्याच नाहीत. वेगाबरोबर मुली किती डौलदार वल्हवतात याचेही मार्क होते! ऑलिंपिकमध्ये मुलींचं रोईंग यायला 1976 चं मॉन्ट्रिअल उजाडलं. तिथेही मुलांना 2000 मीटर आणि मुलींना 1000. अंतर सारखं झालं 1988 मध्ये. मुलामुलींच्या शर्यतींची संख्या सारखी झाली ती टोकियोला, सात आणि सात. आपल्या बोट क्लबवर मुलींच्या बोटीला आजही सगळ्यांत उशिरा धक्का मिळतो, हे इथे सहज नमूद करते.

इथपर्यंत लेख छान चालला होता. मग मी 2004 च्या अथेन्सला पोचले.

मुलींच्या आठांची अंतिम शर्यत. ऑस्ट्रेलियाची बोट पदकाच्या आशेने उतरलेली. शेवटचे सुमारे चारशे मीटर उरले असताना सॅली रॉबिन्स या खेळाडूचं वल्हं थांबलं. ती मागे रेलली, मागच्या मैत्रिणीच्या अंगावर. बोट सहावी आली, म्हणजे शेवटची. नंतर तिच्या देशात तिच्यावर जो गहजब झाला तो वाचवत नाही. टीममधल्या मुलीही जाहीरपणे बोलल्या, वर्तमानपत्रांनी टोपणनावं पाडली. शरीर संपलं होतं की मन, यावर अख्ख्या देशाने चर्चा केली. तिने मात्र एक गोष्ट केली नाही. वल्हं कशात तरी अडकलं होतं, असं ती म्हणाली नाही.

मी म्हणाले होते.

गेल्या वर्षीची इंटर-इयर शर्यत ज्यांनी धक्क्यावरून पाहिली त्यांना आठवत असेल. मुलींच्या फोर्स, पाचशे मीटर. आमची बोट पुढे होती. शेवटचे शंभर-सव्वाशे मीटर राहिले आणि बोट एकाएकी उजवीकडे वळली, कडेच्या जलपर्णीकडे. दुसरी बोट निघून गेली. धक्क्यावर हशा झाला. "कॉक्स झोपली!" असं कोणीतरी ओरडलं.

कॉक्स झोपली नव्हती. मी थांबले होते.

चार वल्ह्यांच्या बोटीत प्रत्येक बाजूला दोनच वल्ही असतात. त्यातलं एक थांबलं की बोट त्या बाजूला वळणारच, त्यासाठी फोर्स डायग्राम काढायची गरज नाही. का थांबले? त्याआधीचे बारा-तेरा दिवस मी सकाळच्या प्रॅक्टिसला गेले नव्हते. सबमिशन होतं हे खरं, पण थंडीत उठवत नव्हतं हेही खरं. "संध्याकाळी एर्गोमीटरवर करते," असं स्ट्रोकला सांगायचे आणि करायचे नाही. तिने विश्वास ठेवला. चारशे मीटरला छातीत आग लागली, मांड्या दगड झाल्या. पण अजून दहा स्ट्रोक मारता आले असते. खरंच आले असते. हे मला त्या क्षणीही माहीत होतं आणि तरी हात थांबले. सहा-सात सेकंद, बस.

धक्क्यावर उतरल्यावर स्ट्रोकने विचारलं, "काय झालं?" ती तेव्हा फायनल इयरला होती. कॉलेजमधली तिची शेवटची शर्यत. मी म्हणाले, "वल्हं जलपर्णीत अडकलं." एवढंच. कॉक्सचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. जलपर्णीत बोट घातली कोणी? सुकाणू कोणाच्या हातात असतं? स्ट्रोक वळली आणि कॉक्सला सगळ्यांदेखत बोलली. फार बोलली.

आमची कॉक्स तेव्हा फर्स्ट इयरला. मराठवाड्यातून आलेली, मराठी मीडियमची, एक्केचाळीस किलोची. (आंतरराष्ट्रीय नियमात कॉक्स पंचावन्न किलोचा लागतो, कमी भरला तर वाळूची पिशवी घेऊन बसतो. तिला तर अख्खं पोतं लागलं असतं, असं आम्ही चिडवायचो.) बोटीतल्या हाका तिला मी शिकवल्या होत्या, "इझी ऑल," "होल्ड वॉटर". माझे उच्चार ऐकून ती पाठ करायची. त्या दिवशी मी फाडफाड बोलत होते, ती गप्प उभी होती. ओल्या पायांनी. दुसऱ्या दिवसापासून ती बोट क्लबवर आली नाही.

हे एक वर्ष कोणाला कळलं नाही, असं मला वाटत होतं. परवा बोट क्लबचे मामा बोटी धूत होते. त्यांना म्हटलं, "मामा, मी रोईंगवर लेख लिहितेय." मामा म्हणाले, "लिव्हा की." फडका पिळला आणि हात न थांबवता पुढे म्हणाले, "गेल्या साली तुमचं वल्हं मीच पुसलं होतं. पात्याला एक तंतू नव्हता जलपर्णीचा."

मी उभीच राहिले. ते पुढची बोट धुवायला गेले.

मग मला पॅरिसचा तो पोरगा झोपू देईना. मोठ्यांच्या सोयीसाठी बसवलेला, आणि सोय संपल्यावर गर्दीत सोडून दिलेला. हेन्लीचे ते सभ्य लोकही झोपू देईनात. कोणी आपल्यात बसायचं आणि कोणाचं खरं मानायचं, हे ठरवायला प्रत्येक वेळी नियमच लागतो असं नाही. कधी कधी नुसतं फाडफाड बोलता आलं तरी पुरतं.

आधी स्ट्रोकला फोन केला. ती आता बेंगळुरूला नोकरीला आहे. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर तुला बोलले असते आणि संपलं असतं. मी तिला बोलले गं." आणि नंतर, "तिचा नंबर पाठव." फोन ठेवताना बाय म्हणाली नाही. तो राग आहे आणि तो असू दे, मी तो मिळवलेला आहे.

मग खालच्या मजल्यावर कॉक्सच्या रूमवर गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मराठीत बोलायचं ठरवून गेले होते, पाठ करून गेले होते, तरी मध्येच इंग्रजीत घसरले. सॉरी म्हणायला मला मराठी शब्द पटकन सापडेना, याची लाज वेगळीच.

ती म्हणाली, "मला दिसत होतं की ताई. तुमच्या समोरच तोंड करून बसलेले असते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी विचारलं, मासिकात हे लिहिलं तर चालेल का, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, "लिहा. नाव नको. कॉक्स लिहा. नाव छापलं की परत तेच सगळे विचारत बसतील." म्हणून या लेखात तिचं नाव नाही. आमच्या कोणाचंच नाही. पण इथे फरक आहे. पॅरिसच्या त्या पोराला कोणी विचारलं नव्हतं.

लेख पूर्ण करायचा तर भारताबद्दल लिहायला हवं. आपल्या नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं दुष्काळी गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाला, पुण्यात रोईंग शिकला. पाण्यासाठी जमीन खणणारा माणूस पाण्यावर गेला, आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला. पण मला त्याची 2018 ची गोष्ट जास्त जवळची वाटते. पालेमबांगच्या एशियन गेम्समध्ये एकट्याच्या अंतिम शर्यतीत तो आजारी होता आणि शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो चौघांच्या बोटीत बसला, आणि सुवर्णपदक आलं. त्या तिघांनी त्याला बोटीत घेतलं, आणि तोही बसला. यातलं काय जास्त अवघड, ते मला ठरवता येत नाही.

पुढे 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या आठांनी रौप्य मिळवलं, 5 मिनिटं 43.01 सेकंद. चीन तीनेक सेकंदच पुढे होता. त्या बोटीच्या कॉक्सचं नाव धनंजय उत्तम पांडे. बातम्यांत कॉक्सचं नाव बहुतेक शेवटीच येतं, म्हणून मी इथे ते मुद्दाम लिहिलं.

लेख इथे संपवून संपादकांना देणार होते. पण काल सकाळची एक गोष्ट राहिली.

सव्वासहाला धक्क्यावर गेलो. या वर्षी आमच्याकडे कॉक्स नाही, म्हणून मामाच सुकाणू धरतात. मामा बोटीत बसत नव्हते, चहा पीत उभे होते. थोड्या वेळाने होस्टेलच्या बाजूने ती आली. कानटोपी, स्वेटर, हातात चपला. कोणाशी काही बोलली नाही. माझ्याशीही नाही. मामांनी ग्लास बाजूला ठेवला आणि बोट धरली. ती मागच्या जागेवर बसली, सुकाणूच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, एक ढिली होती ती घट्ट केली.

आम्ही निघालो. धुकं होतं, पाणी अगदी सपाट. मला समोर नवीन स्ट्रोकची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून कॉक्सचा चेहरा. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या पलीकडे बघत होती. जिथे जायचं तिकडे.

वीस-पंचवीस स्ट्रोक झाले असतील.

"थ्री, लेट!" ती ओरडली.

मी वेळेवर आले.